उचलीच्या आधी या

महाराष्ट्रातील कंपन्यांच्या सामाजिक दायित्व समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य यांना खुले पत्र

गंगाखेड, जि. परभणी

मान्यवर,



कंपनी कायदा 2013 मधले कलम 135 आपल्याला तोंडपाठ असेल. 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही गोष्ट असली की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. कोणत्या कामांवर खर्च करायचा याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि त्या यादीत पहिलेच काम भूक, गरिबी आणि कुपोषण यांच्या निर्मूलनाचे आहे. त्या पहिल्या ओळीच्या आधारावर मी आपल्याला गंगाखेडहून लिहिते आहे.

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे. कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. त्यामागचा हेतू चांगला आहे. ज्या गावाची जमीन आणि पाणी कारखान्याने घेतले, त्या गावाला काही परत मिळालेच पाहिजे. पण जिथे उद्योग आहेत तिथेच मदत साचते, आणि जिथे उद्योग आलेच नाहीत तिथे ती पोचत नाही, हा त्याच वाक्याचा दुसरा परिणाम आहे. मुंबई, ठाणे, पुणे यांच्या आसपास अनेक कंपन्या आहेत. बालाघाटच्या डोंगरातला आमचा तांडा कोणत्याच कंपनीच्या आसपास येत नाही. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत. परभणी त्यातही नाही. मात्र स्थानिक प्राधान्याची ही तरतूद सक्तीची नाही, ती दिशा दाखवणारी आहे, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021 मध्ये केला आहे. म्हणजे कायद्याने आपली वाट अडवलेली नाही.

गंगाखेड गोदावरीच्या काठावर आहे. नदीकडच्या पट्ट्यात ऊस आहे आणि तालुक्यात साखर कारखानाही आहे. तरीही दसरा-दिवाळीच्या सुमारास डोंगरपट्ट्यातली कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. कुणी टायर गाडीला, म्हणजे बैलगाडीतून ऊस वाहायला, कुणी डोकी सेंटरला, म्हणजे डोक्यावरून मोळ्या ट्रकमध्ये भरायला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये ती परत येतात. बीडच्या ऊसतोडीबद्दल बरेच लिहिले गेले. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून जाणाऱ्यांबद्दल त्या मानाने फार कमी.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. परंपरा सांगते की लहानग्या जनीला वडिलांनी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी ठेवले आणि ती आयुष्यभर तिथे दळणकांडण करत राहिली. पुढे तिच्या वाट्याला आलेल्या थोरवीचा आम्हाला अभिमान आहे. पण गरीब घरातल्या लेकराने पोटासाठी परगावी कामाला जाणे सातशे वर्षांनंतरही इथे थांबलेले नाही, याचे दुःख त्या अभिमानाहून मोठे आहे.

आपण विचाराल की लोक जातात तर मजुरीसाठीच जातात, त्यात वावगे काय? कामासाठी गाव सोडण्यात काहीच वावगे नाही. प्रश्न उचलीचा आहे. हंगामाच्या काही महिने आधी मजुरांची टोळी जमवणारा मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. अलीकडे ती लाखाच्या घरात जाते. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात करार होऊन तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण 367 रुपये झाला. आता हिशेब करा. लाखाची उचल फेडायला सुमारे 272 टन ऊस तोडावा लागतो. चांगल्या फडात, दोघांचीही तब्येत धड असताना, जोडीने दिवसाला दोन टन तोडले तरी 136 दिवस लागतात. तेही एक खाडा न पडता, आणि तिथे पोटाला लागणारा खर्च न धरता. अलीकडे काही हंगाम शंभर दिवसांच्या आतबाहेर आटोपले. म्हणजे पुष्कळ कुटुंबे बाकी घेऊनच घरी येतात, आणि त्या बाकीपोटी पुढच्या वर्षी कोयता पुन्हा बांधला जातो.

मुकादमाला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. तो बहुतेक वेळा त्याच गावचा, त्याच नात्यागोत्यातला असतो. टोळी पळाली तर कारखान्याचे आणि वाहतूकदाराचे देणे त्याच्या अंगावर येते. अडचण व्यवहाराच्या घडणीत आहे. इथे कर्ज देणारा आणि श्रम विकत घेणारा एकाच साखळीत बसले आहेत. ज्याने श्रावणात आपल्या आईच्या ऑपरेशनला पैसे दिले, त्याच्याशी कार्तिकात मजुरीच्या दरावरून कोण भांडेल? राहायला कोपी कशी मिळेल, पाणी कुठून आणायचे, आजारी पडल्यावर दिवस किती रुपयांनी कापायचा, यांपैकी कशावरही बोलायची ताकद उचल घेतानाच हातातून जाते.

या घडणीची किंमत लेकरे आणि बाया भरतात. नोव्हेंबर ते मार्च हेच शाळेच्या वर्षातले खरे अभ्यासाचे महिने, आणि नेमक्या त्याच महिन्यांत मूल फडावर असते किंवा म्हाताऱ्या आजीजवळ एकटे असते. बाईचे तर सगळ्यात जास्त जाते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घ्यायची, या चक्राचा तो आकडा आहे.

आता आपल्या मदतीकडे येते. दप्तरे, बाके, संगणक, पाणी शुद्धीकरण यंत्र, शाळेची रंगरंगोटी या वस्तूंची गरज आहे आणि त्या देणाऱ्यांबद्दल मनात आदरच आहे. पण ज्या लेकराला नोव्हेंबरमध्ये गाव सोडायचे आहे, त्याच्यासाठी जूनमध्ये दिलेले बाक पाच महिने रिकामे राहणार. बाकावर मूल बसावे असे वाटत असेल तर त्याच्या आईने उचल का घेतली, तिथे पैसा पोचला पाहिजे.

माझी मागणी एका वाक्यात सांगता येते. आषाढापासून दसऱ्यापर्यंत, कुटुंब उचल घेण्याच्या दारात उभे असते तेव्हा, आपला पैसा तिथे आधी पोचू द्या.

यासाठी जगाने काय काय करून पाहिले ते आपल्यासमोर आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने 2002 मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. बाईला गाय किंवा शेळ्या द्यायच्या, त्या दूध-पैसा देऊ लागेपर्यंत घरखर्चाला थोडी रक्कम द्यायची, दर आठवड्याला कुणीतरी घरी जाऊन शिकवायचे, बचतीची सवय लावायची आणि सुमारे दोन वर्षांनी हात सोडायचा. बंधन संस्थेने हाच मार्ग पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबादमध्ये वापरला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह इथिओपिया, घाना, होंडुरास, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत तो तपासला आणि 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. मदत थांबल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी कुटुंबांचे खाणेपिणे, मालमत्ता आणि उत्पन्न इतरांपेक्षा बरे राहिले. बंगालमधल्या कुटुंबांत तर दहा वर्षांनीही फरक टिकलेला दिसला. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई निर्मला पाटणकर मराठी अर्थतज्ज्ञ. तेव्हा हे कुठले तरी परके शास्त्र आहे असे समजायचे कारण नाही.

पण या अभ्यासांतला अपयशाचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. होंडुरासमध्ये बहुतेकांना कोंबड्या दिल्या गेल्या. रोग आला, कोंबड्या मेल्या आणि फायदा वाहून गेला. आमच्याकडे उस्मानाबादी शेळी आहे, ती या हवेत टिकते आणि बऱ्याचदा जुळी देते. पण पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि वेळेवर पीपीआरची लस मिळाली नाही तर तिचीही तीच गत होईल. म्हणजे शेळी वाटल्याचा फोटो हे काम अर्धवटच आहे. लस टोचणारा माणूस आणि विमा हे उरलेले काम. दुसरे उदाहरण आणखी जवळचे. याच धर्तीचा कार्यक्रम त्या वेळच्या आंध्र प्रदेशात, आजच्या तेलंगणाच्या भागात झाला. तिथे एकूण उत्पन्नात फरक पडला नाही. जनावरांपासून पैसा आला, पण त्यासाठी बायांना सोडावी लागलेली मजुरी तेवढीच होती, कारण तिथे मजुरीच्या संधी वाढत होत्या. मराठवाड्याला बंगालपेक्षा तो भाग जवळ. तेव्हा मुर्शिदाबादची नक्कल गंगाखेडला करून चालणार नाही. इथल्या मजुरीचा, इथल्या हंगामाचा हिशेब आधी मांडावा लागेल.

तिसरे उदाहरण उत्तर बांगलादेशातल्या रंगपूरचे. तिथे पिकाआधीच्या उपासमारीच्या महिन्यांत लोकांना शहरात जाण्यासाठी बसभाड्याएवढी मदत दिली. पहिल्या प्रयोगात लोक गेले, कमावले, घरी दोन घास जास्त पोचले. तोच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर नेला तेव्हा परिणाम दिसेना. चालवणाऱ्या संस्थेने 2019 मध्ये तो जाहीरपणे बंद केला. मला त्या संस्थेबद्दल फार आदर वाटतो. आपला उपक्रम चालत नाही हे आकडे पाहून सांगणे आणि देणगीदारांसमोर मान्य करणे सोपे नाही. त्यातून आम्हाला एक धडाही मिळतो. रंगपूरचा माणूस घरात अडकला होता, त्याला जाण्यासाठी पैसे हवे होते. गंगाखेडचा माणूस उचलीने बांधला जातो. त्याला जायचे की थांबायचे हे स्वतः ठरवता यावे म्हणून पैसे हवेत.

महाराष्ट्राला हे सगळे नवीन नाही. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत सर्च ही संस्था सुरू केली. 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, दर बाळाची नोंद ठेवली, आणि दुसऱ्या गावांशी तुलना करून 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल मांडला: नवजात बालमृत्यूंत 62 टक्के घट. पुढे 2011 मध्ये आशा सेविकांमार्फत घरोघरी बाळाची काळजी घेण्याचा हा मार्ग देशाने स्वीकारला. देणगीच्या पैशाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. सरकारी पैशाला जोखीम घेणे अवघड जाते. आपल्या पैशाला ती घेता येते. थोड्या गावांत नवे करून पाहायचे, प्रामाणिकपणे मोजायचे, चालले तर सरकारच्या हाती द्यायचे.

दुसरा धडा रोजगार हमीचा. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात जो प्रयोग केला, तो 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरला, 1977 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 2005 च्या देशव्यापी कायद्याची प्रेरणा तिथेच सापडते. रोजगार हमीचा पैसा कुठून आला हे विशेष आहे. शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसला, तो गावातल्या कामाच्या हमीसाठी. दूरच्या माणसाचे दुःख दूरचे आहे म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, असा युक्तिवाद तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी पूर्व बंगालच्या निर्वासितांना डोळ्यांसमोर ठेवून मांडला, तोही 1972 मध्येच. त्याच काळात महाराष्ट्राने ती जबाबदारी कराच्या आणि हक्काच्या रूपात स्वीकारली. आपल्या राज्यातल्या लोकांनी हे एकदा करून दाखवले आहे, म्हणून मी इतक्या आशेने लिहिते आहे.

यावर तीन शंका येतील. पहिली, गरिबाच्या हातात पैसा दिला तर तो दारूत जाईल. रोख मदतीवरच्या अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा जागतिक बँकेच्या संशोधकांनी घेतला. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना आढळले नाही. बचत गटातल्या बायांच्या हातचा पैसा कुठे जातो हे आमच्याकडे कुणालाही विचारा: खत-बियाणे, दवाखाना, लेकीची फी.

दुसरी शंका, खरी गरिबी उद्योगाने हटते, दानाने नव्हे. हे बरोबर आहे. चीनने चाळीस वर्षांत जवळपास 80 कोटी लोक अतिगरिबीतून बाहेर काढले ते शेतीतल्या सुधारणांनी आणि कारखान्यांनी. आम्हालाही उद्योग हवा आहे. पण चाकणच्या कारखान्यात आमचा मुलगा पोचायचा तर तो दहावी-बारावी तरी झालेला हवा. ती पाच महिन्यांची शाळा वाचवल्याशिवाय त्या वाढीत त्याला जागा नाही.

तिसरी शंका सगळ्यात वजनदार आहे. हे सरकारचे काम, ते देणगीदारांनी केले तर सरकार अंग काढून घेईल. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन हाच इशारा देत आले आहेत. म्हणून माझी विनंती आहे की आपल्या मदतीने सरकारची जागा घेऊ नये, तिने लोकांना सरकारपर्यंत पोचवावे. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढाच वाटा राज्याकडून, असा निर्णय 2021 मध्ये झाला. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही त्याच वर्षीची. या योजना प्रत्येक तांड्यावर पोचाव्यात यासाठी नाव नोंदवणारा, अर्ज भरणारा, पाठपुरावा करणारा माणूस गावात हवा. त्याचा पगार कुठल्याच योजनेत बसत नाही. तो आपण देऊ शकता.

तर प्रत्यक्ष काय करावे, ते मांडते.

पहिले, गंगाखेड तालुक्यातल्या काही गावांत आणि तांड्यांवर महिला बचत गटांच्या संघांमार्फत फिरता निधी उभा करा. दवाखाना, पेरणी, शिक्षण आणि जुनी बाकी यांसाठी त्यातून बिनव्याजी कर्ज मिळावे. ते आषाढ-श्रावणात मिळावे आणि त्याची परतफेड हंगामाच्या मजुरीतून किंवा शेतमालाच्या पैशातून हप्त्याने व्हावी. कुणी ऊसतोडीला जायचे ठरवले तरी हरकत नाही. उचल न घेता गेलेला कोयता दर ठरवू शकतो, वाईट फड सोडून येऊ शकतो.

दुसरे, ज्यांना जमीन नाही त्यांच्यासाठी शेळ्या, लस, विमा, वर्षभर थोडा घरखर्च आणि दर आठवड्याची भेट, असा पूर्ण संच द्या. अर्धा संच देऊ नका.

तिसरे, चार वर्षांचा शब्द द्या. 2021 च्या नियमांनी चालू प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे दिली आहेत. त्यांचा पूर्ण उपयोग करा. मार्चअखेरीला पैसे संपवायचे म्हणून घाईने काढलेला धनादेश आमच्या कामाचा नाही, कारण मार्चमध्ये आमची माणसे फडावर असतात.

चौथे, मोजा. निधी सगळ्या गावांना एकदम पुरणार नसेल तर आधी कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही आणि तुलनाही करता येईल. किती घरांनी उचल घेतली नाही, किती मुले मार्चमध्ये शाळेत होती, किती बायांनी दुखण्यावर वेळेत उपचार घेतले, हे दरवर्षी गावातच वाचून दाखवा. चालत नसेल तर तसे सांगा आणि बदला. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. मोजायला माणसे बाहेरून आणण्याची गरज पडू नये.

पाचवे आणि शेवटचे. सहकारी साखर कारखाने कंपनी कायद्यात येत नाहीत, त्यामुळे कलम 135 त्यांना लागू नाही. पण साखर वापरणाऱ्या कंपन्या आपल्यात आहेत: शीतपेये, बिस्किटे, मिठाई, औषधांची सिरपे बनवणाऱ्या. आपला कच्चा माल ज्यांच्या कोयत्यातून येतो, ती घरे आपल्या आसपासच्या भागात धरा. मग गंगाखेड आपल्या फाटकापासून दूर राहत नाही. आणि साखर विकत घेताना तोडणाऱ्यांना पाणी, शौचालय, मुलांसाठी पाळणाघर आणि पाळीच्या दिवसांत पगारी सुट्टी मिळते का, ते खरेदीच्या करारात विचारा. सामाजिक दायित्वाच्या 2 टक्क्यांइतकेच महत्त्व उरलेल्या 98 टक्क्यांतल्या या प्रश्नाला आहे.

आपल्या समितीची पुढची बैठक होईल तेव्हा खर्चाचा तक्ता समोर ठेवून एक प्रश्न विचारा: हा पैसा कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या हाती पोचणार आहे? उत्तर आषाढ-श्रावण असेल आणि हात उचल घेऊ पाहणाऱ्या बाईचा असेल, तर तेवढ्याच रकमेत अनेक पटींनी काम होईल. त्यासाठी गावे दाखवायला, बचत गटांच्या बायांशी गाठ घालून द्यायला आणि हिशेब उघड्यावर ठेवायला आम्ही तयार आहोत. पुढच्या आषाढाच्या आत या.

आपली,
गंगाखेडची एक रहिवासी